मिरचीआडचा चेहरा

मी कॅमेरा बोलतोय. वराळ्यातल्या हनुमंतभाऊंच्या मोबाईल दुकानाचा. मला कुणी चोरू नये म्हणून भाऊंनी मला इतकं उंच ठोकलं, की मला लोकांच्या टाळूच जास्त दिसायच्या. वर मला दृष्ट लागू नये म्हणून माझ्याच नाकासमोर लिंबू-मिरची टांगली. बोला आता!

एका दुपारी भाऊ मागे जेवत होते. तेवढ्यात कुणीतरी काउंटरवरचे फोन उचलून पळालं. मला दिसलं ते इतकंच : टोपी, थोडी दाढी आणि मिरचीआडचा अर्धा गाल.

माझं चित्र पाहून भाऊ ओरडले, "ह्यो तर ग्यारेजवाला तन्वीर!" झालं. कॅमेऱ्यात दिसला म्हटल्यावर ती काळ्या दगडावरची रेघ. तन्वीरला अटक झाली, गॅरेजला कुलूप लागलं. त्याची आई शहनाजमावशी माझ्याखाली उभी राहून म्हणाली, "आरं, तू तरी खरं सांग की." मला फार वाईट वाटलं. माझ्याजवळ अर्धाच गाल होता, आणि लोक त्यावरून पुरता माणूस तुरुंगात धाडायला निघाले होते.

मग पुण्याहून अनघा मॅडम आल्या. चेहऱ्यांची तुलना करणं हेच त्यांचं काम. त्यांनी भाऊंना बाहेर पाठवलं आणि तशाच अंगलटीच्या गावातल्या पाच जणांना टोपी घालून माझ्याखाली उभं केलं. मग ती चित्रं भाऊंपुढे मांडली. "त्या दिवशीचा यातला कोण वाटतो?"

भाऊंनी लगेच बोट ठेवलं. "ह्योच! शंभर टक्के."

"हा पप्पू. तुमचा भाऊ."

भाऊंनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं. "म्हंजी तन्वीर न्हवता?"

"तेही मी म्हणत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तो तन्वीर असेल, तर असं साम्य दिसेल. पण दुसरा कुणी असता, तरी जवळपास एवढंच दिसलं असतं. म्हणून या चित्राचं वजन फार थोडं."

वडगावच्या कोर्टातही त्या हेच बोलल्या. दुसरा पुरावा नव्हताच. तन्वीर सुटला.

भाऊंनी लिंबू-मिरची दारावर नेली, मलाही खाली घेतलं. गावात मात्र अजून कुजबुज चालते, "सुटला खरा, पर व्हता त्योच."

काल तन्वीर चार्जर घ्यायला आला. भाऊंनी चहा मागवला, पण त्याच्याकडे बघायचं धाडस काही त्यांचं झालं नाही. जाताना तन्वीरनं टोपी काढली आणि माझ्यासमोर तोंड वर केलं. "आता नीट बघून घे, गड्या."

पाहिलं. त्याच्या भुवईवर एक तीळ आहे. त्या दुपारच्या माणसाला तो होता का, मला खरंच माहीत नाही. माझी साक्ष काढाल, तेव्हा हे 'माहीत नाही'सुद्धा लिहून घ्या, एवढीच विनंती.