बायांकडचा बॉक्स

माझ्या नवऱ्याला अक्कल नाही असं मी म्हणत नाही. आहे, पण ती सगळी दुसऱ्याला शिकवण्यासाठी राखून ठेवलेली आहे. वीरेंद्र वरठी गावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकाचा फोन उघडण्याआधी, असला फोन घेतलाच कशाला म्हणून त्याला झापतो. गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकतं, कारण फोन याच्या हातात असतो. मीही लग्न झाल्यापासून ऐकतेच आहे. माझं काय याच्या हातात अडकलं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

तो बेंजो वाजवतो. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं ते वाद्य आमच्याकडे वरातीत वाजतं, दंडारीत म्हणजे गावच्या लोकनाट्यात वाजतं. वाजवतो मात्र खरंच चांगला, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं. यंदा वडशाच्या एका नाटक कंपनीला बेंजोवाला हवा होता. ही कंपनी दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं करत फिरते, आणि वाजवणारा तेवढे महिने घराबाहेर. कंपनीचा मॅनेजर गोपीचंद आमच्या करडीच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, येऊन वीरेंद्रचा हात ऐकणार होता. वीरेंद्रला ती जागा हवी होती. मलाही ती त्याला मिळायला हवी होती, आणि त्याचं नाव व्हावं एवढंच काही माझ्या मनात नव्हतं. भात किती शिजवायचा हे होळीपर्यंत मला कोणी शिकवणार नाही, या आशेवर मी देवीला नारळ बोलले होते.

साधा बेंजो वाजवला असता तरी जागा मिळाली असती. पण साधं करेल तर तो वीरेंद्र कसला. त्यानं इकोचं पेडल बनवायचं काढलं, तेही स्टीरिओ. पायानं बटण दाबलं की बेंजोचा आवाज स्पीकरच्या या बॉक्सातून निघणार आणि त्याचा पडसाद पलीकडच्या बॉक्सातून येणार. असं पेडल या जिल्ह्यात कोणाकडे नाही, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. ते कोणाला हवं आहे का, हे त्यानं कोणाला विचारलं नाही.

सामान नागपूरहून आलं. डबा मात्र माझा गेला. माझ्या आईनं लग्नात दिलेला, भंडाऱ्याचा, चांगला जाड पितळेचा. पितळेच्या आत तारा ठेवल्या की घरघर येत नाही आणि जड डबा पायाखाली सरकत नाही, असं त्याचं शास्त्र. त्यात मी लाडू ठेवत होते. त्यानं भोकं पाडली, एक बेंजोची वायर आत यायला, दोन आवाज बाहेर जायला, आणि झाकणावर पायाचं बटण. अन्नाच्या भांड्याला पाय लावायचा आणि वर कलाकार म्हणवून घ्यायचं, असलं हे घराणं.

सोल्डर मारायला मला बसवलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घोटून बोटं थरथरतात, असं याचं म्हणणं. खर्रा घोटताना, बेंजो वाजवताना, दुकानात फोन उघडताना थरथरत नाहीत, तेवढ्यापुरती ती ठीक असतात. तो खुर्चीवर बसून मोबाईलवरचं चित्र बघून सांगणार, ही तार इथं, ती तार तिथं, आणि मी खाली बसून धूर खाणार. चुकलं तर माझा हात, जमलं तर त्याचं डोकं.

चित्र मलाही दिसत होतं. त्यात मूळ आवाजाची तार दोन्ही बाजूंना जात होती आणि पडसाद वरून मिसळत होता. वीरेंद्र म्हणाला, उजवीकडची तार जोडू नको. डावीकडे नुसता मूळ आवाज, उजवीकडे नुसता इको. दोन्हीकडे मूळ आवाज दिला तर तो इकोला खाऊन टाकतो, मग गोपीचंदला फरक काय कळणार? गोपीचंद बसणार डावीकडे, माणसांत, पुढच्या रांगेत. त्याला जवळून बेंजो ऐकू येईल आणि मैदानापलीकडून पडसाद. माणूस खुर्चीतून उठून उभा राहील, म्हणे.

मंडईत आमच्याकडे मधून दोर बांधतात. डावीकडे माणसं, उजवीकडे बाया. म्हणून मी विचारलं, "मग उजवीकडच्याईले काय आयकू येईन?"

"तिकडं बायाच बसतेत," तो म्हणाला. "त्याईले इको पुरते. तू डोकं नोको खाऊ, जोड."

मी जोडलं. वाद घालून त्याची जागा गेली असती तर दोष माझ्याच नावावर आला असता.

मंडईच्या दुपारी दंडार आटोपली आणि गाण्याबजावण्याची पाळी आली. साऊंडवाला तेजराम सवयीनं दोन्ही बॉक्स एकाच वायरीला जोडत होता. गावात सगळ्यांना सगळं सारखं ऐकू यावं, एवढीच त्या बिचाऱ्याची कल्पना. वीरेंद्रनं त्याला चारचौघांत अडाणी म्हणून वायरी उपसल्या, वेगवेगळ्या लावल्या आणि स्टीरिओ म्हणजे काय यावर एक भाषण दिलं. मग पितळी डब्यावर पाय ठेवून तो असा उभा राहिला की बघणाऱ्याला वाटावं, वाजवून झालं आणि आता टाळ्या घ्यायच्या तेवढ्या बाकी आहेत.

मी दोराच्या उजवीकडे सतरंजीवर बसले होते. शेजारी चष्मा लावलेली एक वयस्क बाई फुटाणे खात होती. गावातली नव्हती. मला वाटलं, कोणाच्या घरी पाहुणी आली असेल.

त्यानं सुरू केलं. डावीकडची माणसं लगेच डोलायला लागली. आमच्याकडचा बॉक्स मात्र आधी गप्पच, मग त्यातून गाण्याचा तुकडा येई, तोही शेपटाकडचा. पुन्हा तोच, बारीक होत होत विरून जाई. समोर वीरेंद्रची बोटं पळत होती आणि आमच्या कानांवर पडत होतं ते मागचं, त्याचं वाजवून झालेलं. दोरापलीकडचं थोडं ऐकू यायचं, पण जवळचा बॉक्स त्यावर आपलं उष्टं ओतायचा. बाया आधी हसल्या, मग बोलायला लागल्या, मग उठून बांगड्यांच्या दुकानाकडे निघाल्या. मला राग आला. बायांचा नाही, त्या शहाण्या होत्या. राग समोर डोळे मिटून वाजवणाऱ्याचा आला, कारण डोळे उघडले असते तर त्याला अर्धी सभा उठताना दिसली असती.

शेजारची बाई उठली नाही. तिनं विचारलं, बॉक्स बिघडला आहे काय? मी म्हटलं, नाही, असाच बनवला आहे. कोणी बनवला, असं तिनं विचारलं. माझा नवरा आहे तो, मी सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, फुटाणे माझ्यापुढे केले आणि शेवटपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.

संपल्यावर डावीकडून टाळ्या आल्या आणि गोपीचंद खरंच खुर्चीतून उठला. तो मंचामागे जाऊन वीरेंद्रच्या पाठीवर थापा मारू लागला. असा बेंजो आपण ऐकला नाही, बॅग भरून ठेव, म्हणाला. मी तिथं पोचले तेव्हा वीरेंद्र डब्याचं झाकण उघडून त्याला आतलं दाखवत होता आणि सोल्डरिंग आपल्या देखरेखीखाली झालं असं सांगत होता. पण त्या क्षणी तेही मला चाललं. होळीपर्यंतचे महिने माझ्या डोळ्यांपुढे मोकळे दिसायला लागले होते.

तेवढ्यात ती चष्मेवाली बाई आली. गोपीचंदनं हात खाली घेतले आणि तिला बसायला खुर्ची दिली. ही रंभाबाई, कंपनीची मालकीण. नवरा गेल्यापासून कंपनी तीच चालवते, आणि मॅनेजर काहीही बोलला तरी कोणाला घ्यायचं ते तीच ठरवते, हे तिथं आम्हाला कळलं.

ती बसली नाही. वीरेंद्रला म्हणाली, "तुहा हात चांगला आहे, असं हे लोक म्हणतेत. मले काई आयकू आलं नाही."

वीरेंद्र तिला समजवायला लागला. बाई, तुम्ही उजवीकडे बसल्या होत्या, तिकडे इको दिला होता. ही नवी पद्धत आहे. या बाजूला बसल्या असत्या तर मजा आली असती. इथपर्यंत ठीक होतं. पण गप्प बसणं त्याच्या पत्रिकेतच नाही. तो पुढे बोलला, "तुमी मालकीण आहा हे मले मालूम नोयतं. मले वाटलं, तिकडं बायाच बसून आहेत."

गोपीचंद दुसरीकडे बघायला लागला. रंभाबाईचा आवाज चढला नाही.

"बाबू, माह्या नाटकाले अर्ध्या बायाच येतेत," ती म्हणाली. "दिवसभर धान कापून येतेत, लेकरू मांडीवर निजवून बसतेत. घरी सगळ्याईचं झाल्यावर उरलंसुरलं खातेत. आता नाटकातबी तू त्याईले उरलंसुरलंच वाढशीन. मले असा मानूस नोको."

आणि ती गेली. मागून गोपीचंदही गेला, जाताना पाठीवर थाप न मारता.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. तिचं बोलणं ऐकून मला आनंद झाला. आणि लगेच लक्षात आलं की हा माणूस आता होळीपर्यंत घरीच राहणार. दोन्ही एकदम वाटलं, आणि त्या दोन्हीचा राग आला.

घरी येईपर्यंत तो बोलतच होता. चूक गोपीचंदची, मालकीण बाई आहे हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. चूक तेजरामची, त्याचे बॉक्स जुने. थोडी माझीही, मी तिच्या शेजारी बसून तिला गप्पांत गुंतवलं. मी चूल पेटवली, भात टाकला, वांग्याची भाजी केली. तो हातपाय धुऊन जागेवर येऊन बसला आणि ताटाची वाट बघत म्हणाला, "पुढच्या बारी पह्यले पाहून घेतो, मालक कोनत्या बाजूले बसला आहे ते. त्याच बाजूले ओरिजनल द्याचा."

मी विचारलं, "अन् दुसऱ्या बाजूले?"

"दुसऱ्या बाजूले कोन पुसते?" तो म्हणाला.

मी एक ताट घेतलं. भात वाढला, भाजी वाढली, लोणच्याची फोड ठेवली आणि त्याच्यासमोर बसून जेवायला लागले. तो ताटाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, मी चव बघते आहे. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, तेव्हा त्यानं विचारलं, "माह्यं ताट?"

"उरलं तं देते," मी म्हटलं.

मी चौथा घास घेतला. भातातून वाफ निघत होती, आणि गरम भात इतका चांगला लागतो हे मला ठाऊकच नव्हतं.