सात भागिले दोन

जामखेडच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेत अलफियाने शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला ओळीने हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कॅल्क्युलेटर लिहिला. पडद्यावर मेनू उमटला: एक दाबा बेरीज, दोन वजाबाकी, तीन गुणाकार, चार भागाकार, पाच बाहेर. नगरहून आलेल्या परीक्षकांनी चार दाबून सात भागिले दोन केले. उत्तर आले साडेतीन.

"चूक," परीक्षक म्हणाले. "प्रॅक्टिकलच्या वहीत, जर्नलमध्ये, तीन आहे."

"सर, शेल अपूर्णांक टाकून देतं, म्हणून तिथं तीन येतं. मी दशांश धरणारी कमांड वापरलीय."

"कुणी सांगितला होता शहाणपणा? आउटपुट जर्नलशी जुळलं नाही तर नापास."

अलफियाची कानशिलं तापली. मागे उभे असलेले तिचे आदिनाथ सर कुजबुजले, "पोरी, तीन कर अन् मोकळी हो. दरसाल समदी पोरं तीनच काढत्यात. मीबी तीन काढूनच पास झालोय."

हे ऐकून ती जास्तच भडकली. म्हणजे अर्धा गिळायची इथे परंपराच होती! पण वर्ष घालवणं परवडणारं नव्हतं. दातओठ खात तिने कीबोर्ड बडवला आणि मेनूत नवी ओळ घातली: सहा दाबा, परीक्षेपुरता भागाकार.

परीक्षकांनी सहा दाबलं. तीन आले.

"आता कसं!" ते प्रसन्न झाले. "वीसपैकी वीस. आदिनाथराव, पुढच्या वर्षीपासून हा सहावा पर्याय जर्नलमध्येच घ्या. सगळ्यांना सक्तीचा."

पैकीच्या पैकी मार्कांचा एवढा संताप अलफियाला जन्मात आला नव्हता.