वेगळी वाटी

पोपटताईचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणात सगळ्या तिला याच नावाने हाक मारायच्या, कारण बाळाच्या आहाराचं पत्रक तिला तोंडपाठ होतं. आणि तरीही आईशी बोलायच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आज तिसरी खेप. आज बुडाली, तर घरोघर फिरायचं बारा वर्षांचं काम सुटणार.

"अगं, दार वाजवतेस, तर आत कोण आहे ते तरी ऐकशील की नाही?" शिकवणाऱ्या नर्सबाई कालच करवादल्या होत्या.

परीक्षेसाठी समोर खरीच आई आणून बसवली होती. मांडीवर दीड वर्षाचं पोर. त्याच्या दंडाला गुंडाळलेली मापपट्टी पिवळ्यावर, म्हणजे बाळ अशक्त, जपायला हवं.

"बाळ नीट खातं का?"

"हो."

"दिवसातून चार-पाचदा?"

"हो."

"भाजी, अंडं?"

"हो की."

"हो म्हणायला काय जातंय!" मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं.

पोपटताईने पुढचं वाक्य काढायला तोंड उघडलं, आणि देवा रे, पाठ केलेलं सगळं आटलं. पायाचा अंगठा फरशीवर घासू लागला. नर्सबाईंनी पेन उचललं.

काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "काल दुपारी याला भरवलंस, ते कसं कसं झालं, सांग बाई."

आईने पोराला मांडीवर सावरलं. "काल? दोघा भावांना एकाच ताटात वाढलं आणि धुणं धुवायला गेले. आले तर ताट चाटूनपुसून लख्ख."

"कुणी चाटलं?"

आई हसायला गेली. हसू अर्ध्यावरच राहिलं. "मोठ्यानेच असणार... मी रोज ताट बघते हो, ताई. याच्याकडे बघितलंच नाही."

"मग याला वेगळी वाटी दे. किती गेलं पोटात ते कळेल. आणि खाईस्तोवर जवळ बस. जमेल?"

"जमवते. धुणं काय, पळून जातंय?"

नर्सबाईंनी सही ठोकली. "पास! पोपटाला आज स्वतःचा कंठ फुटला."

खोली हसली. पोपटताईला मात्र हसू येईना. बारा वर्षांची दारं डोळ्यांपुढे एकेक करून उघडत होती आणि प्रत्येक दारात एक "हो" उभा होता. परवाच शिंपीणबाईचं बाळ मापात पिवळं आलं होतं. तिनेही चार वेळा "हो" म्हटलं होतं, आणि पोपटताई पत्रक घडाघडा म्हणून मोकळी झाली होती.

तिने मापपट्टी पिशवीत कोंबली.

"अगं, चहा तरी घे!"

"आल्यावर घेते," म्हणत ती पायऱ्या उतरलीसुद्धा.

शिंपीणबाईने दार उघडलं, तेव्हा पोपटताईला धाप लागली होती. "काल दुपारपासून सांग," ती उंबऱ्यावरच बसत म्हणाली. "मी मध्ये बोलत नाही."