पंपघरातला कट

"बाबा, 'हॅच' म्हणजे अंडं उबवणं," मुलगी म्हणाली.

"मग बरोबर आहे की. बसून बसून काहीतरी बाहेर काढायचं." पंपवाल्याने फेस लावलेला चेहरा आरशापासून वळवला. "मीही बसूनच काढलंय."

"पुढे 'प्लॉट' लिहिलंय तुम्ही."

"जागेचाच तर प्रश्न आहे. वरची गल्ली चढावर आहे."

मुलगी हसली नाही. हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. घरात इंग्रजी तिलाच यायचं, आणि त्याने मुख्य कार्यालयाला पाठवलेली सूचना मोबाईलवर वाचता वाचता तिचा चेहरा ओळीगणिक उतरत चालला होता.

नुकताच मुख्य कार्यालयातून फोन येऊन गेला होता. लगेच या. पिशवी आणू नका. डबा आणू नका. बाटली तर अजिबात नको. आजवरच्या नोकरीत मुख्य कार्यालयाने त्याला एकदाच बोलावलं होतं, तेही दुसराच पंपवाला समजून.

गोष्ट होती एवढीशी. पंपघरातून आधी खालच्या वस्तीच्या पाइपाची चावी उघडायची आणि मग वरच्या गल्लीची, हा जुना रिवाज. खालच्यांच्या टाक्या भरेस्तोवर पाण्याचा जोर संपायचा आणि वर नुसती हवा जायची. वरच्या गल्लीतली शिलाईवाली मावशी रोज सकाळी दोन बादल्या घेऊन पंपघराच्या भिंतीशी यायची आणि म्हणायची, "आमच्या नळाचा खोकला आजही बरा नाही हो." पंपवाल्याच्या मनात आलं, आधी वरची चावी उघडली तर?

पण सूचना इंग्रजीतच पाठवायची, असा नवा नियम होता. आणि शाळेतल्या मास्तरांनी त्याच्या डोक्यात एक गोष्ट कायमची ठोकून बसवली होती: इंग्रजीत तोच शब्द पुन्हा आला की मार्क कापले. म्हणून त्याने समानार्थी शब्दांचं पुस्तक काढलं, 'प्लॅन' शोधला आणि त्याच्या शेजारपाजारचे सगळे शब्द एकेकदा वापरले. कुणाला वाईट वाटायला नको.

"मराठीत सांग गं," बायको पदराला हात पुसत आली.

मुलीने घसा साफ केला. "'शहराच्या पाण्याबाबत मी पंपघरात एक कट उबवला आहे. मीटरवाला या कारस्थानात सामील आहे. पाण्यात टाकायची पावडर आम्ही गुपचूप नव्याने शिजवू...'"

"वर पाणी जास्त जाणार, तर पावडरीचं माप बदलायला नको?" पंपवाला म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"'आपली परवानगी मिळताच रविवारी सुपरवायझरसाहेबांना...'" ती थांबली.

"साहेबांना काय?"

"देहदंड."

"छे! एक्झिक्यूट म्हणजे अमलात आणणं. पुस्तकात आहे. सुपरवायझरसाहेबांमार्फत अमलात आणणार."

"मग 'थ्रू' कुठाय?"

त्याने फेसाळ हातात मोबाईल घेतला. वर पाहिलं, खाली पाहिलं. थ्रू नव्हता.

"छोटा शब्द आहे," तो म्हणाला. "घाईत राहिला असेल."

"त्या छोट्या शब्दापायी साहेब लटकलेत, बाबा."

"अहो, पण रविवारी तुम्हाला सुट्टी असते!" बायको म्हणाली. "हे आधी सांगा त्यांना."

तेवढ्यात मीटरवाल्याचा फोन आला. त्यालाही बोलावलं होतं.

"मला कटात घेतलंस? निदान विचारायचं तरी!"

"अरे, आपण चहा पिताना बोललो नव्हतो का?"

"मी तुला ओळखत नाही."

"परवा माझ्या घरी जेवलास तू."

"जेवण सोडून ओळखत नाही," असं म्हणून मीटरवाल्याने फोन ठेवला.

पंपवाल्याने उरलेली अर्धी दाढी केलीच नाही. घाईत कापलं असतं, आणि आज चेहऱ्यावर रक्त घेऊन तिथे जाणं बरं दिसलं नसतं.

मुख्य कार्यालयात त्याचे खिसे तपासले. मग शिपायाने आतलं दार उघडलं. आत तीन साहेब बसले होते. त्यातले सुपरवायझरसाहेब दाराजवळच्या खुर्चीत होते, अर्धे उठल्यासारखे. टेबलावर नळाच्या पाण्याचा एक पेला होता. साहेबांपुढे मात्र विकतच्या बाटल्या.

"प्या," मोठे साहेब म्हणाले.

तो प्यायला. घोटाचा आवाज खोलीभर झाला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. तो मरतोय का, याची वाट बघताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्यालाही शंका आली आणि तोही वाट बघू लागला.

"अजून एक पेला."

तोही प्यायला. आता भीतीबरोबर दुसरीच घाई लागली.

"कॉन्स्पायर म्हणजे काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

"विचारविनिमय, साहेब."

"कॉन्कॉक्ट?"

"मिसळणं."

"आणि यांना एक्झिक्यूट?"

"थ्रू राहिला, साहेब."

मग मधल्या साहेबांच्या नाकातून आवाज निघाला. मोठ्या साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. सुपरवायझरसाहेब सगळ्यात शेवटी हसले, पण सगळ्यात जास्त वेळ हसले. पंपवालाही हसला, कारण न हसणं धोक्याचं वाटलं. नोकरी वाचली होती.

हसू ओसरल्यावर त्याने धीर केला. "साहेब, मग ते वरच्या गल्लीचं..."

"कुठली गल्ली?"

त्याला कळलं की शब्द सगळे वाचले गेले होते. बाकी काही कुणी वाचलं नव्हतं.

"काका," मोठे साहेब डोळे पुसत म्हणाले, "पंप चालू, पंप बंद. मध्ये डोकं लावायचं नाही. पुन्हा असं काही आलं तर मला हसता येणार नाही."

त्याच्याकडून हमीपत्रावर सही घेतली. 'यापुढे मी काहीही योजणार नाही.' मराठीतच होतं. अडण्यासारखा एकही शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंपवाल्याने पंप चालू केला आणि दोन चाव्यांसमोर उभा राहिला. त्याने दार लावून घेतलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. मग उगाचच पंपामागे कुणी बसलंय का, तेही वाकून पाहिलं. खालच्या चावीला हात लावला, काढला, पँटला पुसला. आणि डोळे मिटून वरची चावी फिरवली.

सवयीने मावशी आलीच, दोन्ही बादल्या घेऊन. पण धापा टाकत.

"अहो पंपवाले! नळाला धार आलीय, धार! काय केलंत?"

"ओरडू नका, मावशी. काही नाही केलं." घाम पुसत तो खिडकीशी आला. "चावी चुकली."

मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अर्धी दाढी अजून तशीच होती. तिने आवाज खाली आणला.

"उद्या पण चुकेल का हो?"

त्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली.

"चुकेल," तो पुटपुटला.

मावशी दोन्ही बादल्या रिकाम्याच घेऊन चढ चढू लागली.