जुलेखाचाचीचा स्टोव्ह

सहल सुखरूप परतली की हिरामण स्टेशनवरून गरम वडे मागवायचे आणि आजूबाजूच्या सगळ्या गाळ्यांना वाटायचे. ‘हिरामण टूर्स’चा हा शिरस्ता अख्ख्या कर्जतला ठाऊक होता. भाद्रपदात हिरामण गेले. त्यानंतर त्यांच्या लेकीनं, नम्रतानं, दोन लहान सहली नेऊन आणल्या, पण वडे मागवायला तिची जीभ रेटली नाही. तिचा थोरला भाऊ राजेश हिशेबापुरता येऊन बसायचा. त्यानंही कधी आठवण काढली नाही.

मार्गशीर्षात खालापूरहून जुलेखाचाची आली. सोबत मुलगा अश्फाक. चाचीनं आधी हिरामणच्या फोटोकडे बघून दोन्ही हात उचलून दुवा केली, मग खुर्चीत बसली. बोलला अश्फाकच. बायको, दोन मुली, अम्मी आणि तो. जानेवारीत पाच दिवस कुठल्यातरी बेटावर जायचंय. झाडी हवी, समुद्र हवा, धावपळ नको आणि जेवण हलाल.

त्याचं संपल्यावर चाची म्हणाली, “तुज्या बापानं मला जबान दिलेली. तुला म्हाईत हाय का?”

नम्रताला माहीत होतं. पंधरा वर्षांपूर्वी अजमेर-उदयपूरच्या सहलीत ती वडिलांच्या हाताखाली होती. चाची बाहेरचं काही खायची नाही. कुणी कापलं, कुठल्या भांड्यात शिजलं याची खात्री नसेल तर घास गिळायचा नाही, हा तिचा नेम. म्हणून रॉकेलचा स्टोव्ह सोबत. उदयपूरला सगळी गाडी तलाव बघायला गेली आणि चाची गाडीच्या सावलीत पंप मारत बसली. तिथं हिरामण तिच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले होते, भाभी, एक दिवस तुमाला अशा ठिकाणी नेईन, जिथं चुलीकडं बघायचं काम पडणार नाय. चाचीनं तलाव शेवटपर्यंत पाहिला नाही. आणि हिरामणना ते ठिकाण सापडायच्या आधीच जावं लागलं.

राजेशचं मत असं की मुंबईच्या मोठ्या कंपनीकडे तयार पॅकेज असतं, तेच द्यावं आणि मोकळं व्हावं. नम्रतानं ऐकून घेतलं आणि स्वतः कामाला लागली. तिनं अंदमानातलं एक शुद्ध शाकाहारी रिसॉर्ट शोधून काढलं. देवदर्शनाच्या सहली नेणाऱ्यांना जेवणाच्या सगळ्या अडचणींवर हे एकच औषध माहीत असतं. ना मांस, ना दारू, मग अडचण कसली, असं तिला वाटलं. कागद वाचताना चाचीचा पदर तोंडाशी गेला. आधी नम्रताला वाटलं, बाईला वाईट वाटलं. पण ती हसत होती.

“दर्याच्या मधोमध बसवून मला दुधी खायला घालतेस? पाप्लेटानं तुजं काय वाकडं केलंय गं?”

दुसरा बेत नम्रताच्या मते बिनचूक होता. समुद्राकाठचं छोटं घर, स्वतंत्र स्वयंपाकघर, नवी कोरी भांडी. अश्फाक खूश झाला. चाचीही लगेच हो म्हणाली आणि तिनं विचारलं, शेगडीला बर्नर किती? पाच जणांचं दोन वेळचं व्हायला तीन तरी हवेत.

खालापूरहून परतताना चौकच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तो प्रश्न नम्रताच्या ध्यानात नीट आला. चूल चाचीपुढंच राहणार होती; उदयपूरची गाडीची सावली जाऊन तिथं माडाची सावली येणार, एवढाच फरक. तिनं तिथूनच फोन करून ते घर रद्द केलं.

मग तिला वडिलांचं एक सांगणं आठवलं. मालकाला विचारलंस तर तो हो म्हणेल, आचाऱ्याला विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन बसली. पहिल्या मालकानं सगळं हलाल असल्याचं छातीठोक सांगितलं, पण आचाऱ्याच्या हाती फोन देईना. दुसरीकडच्या आचाऱ्यानं कबूल केलं की कोंबडी बर्फातली येते, कुणी कापली देव जाणे. तिसरीकडे डुकराचं मांस आणि मासे एकाच तव्यावर. अशी सात ठिकाणं झाली. आठवं म्हणजे अंदमानातल्याच एका लहान बेटावरचं सहा खोल्यांचं घर. मोपला मुसलमान कुटुंबाचं. केरळातून त्यांचे आजे-पणजे तिकडे जाऊन राहिलेले. तिथं रांधणारी कदीजा फोनवर आली, प्रश्न ऐकला आणि हिंदीत म्हणाली, विचारणारी तू, का जेवणारी? जेवणारीला दे फोन.

नम्रता स्कूटर काढून थेट खालापूरला गेली.

चाचीच्या स्वयंपाकघरात तो फोन चाळीस मिनिटं चालला. कोंबडी कोण कापतो? कदीजाचा भाऊ, बिस्मिल्ला म्हणून. भांडी दुसऱ्या कुणाची येतात का? नाही. दारू? पिणाऱ्याला आम्ही बोटीची वेळ सांगतो, कदीजा म्हणाली. मग कदीजानं उलट तपासणी सुरू केली. कालवणाला आंबट काय घालता? चाची म्हणाली कोकम, कदीजा म्हणाली चिंच, आणि दोघींचा आवाज चढला. नम्रताचा जीव टांगणीला लागला. पंधरा वर्षांची जबान चिंच-कोकमात बुडते की काय, असं तिला झालं. चाचीनं फोनवर हात ठेवला.

“भांडकुदळ बाई हाय,” ती समाधानानं म्हणाली. “जेवाण चांगलं करत आसणार.”

बाकीचा बेत नम्रतानं दोन दिवसांत बसवला. नमाजाच्या वेळा आधी लिहिल्या आणि उरलेल्या जागेत सहल मांडली. सकाळी नऊच्या आत काही नाही. चाचीच्या गुडघ्यांसाठी रानातली सपाट वाट. खाडीतली होडी असरच्या नमाजानंतर, ऊन उतरल्यावर. बायकांना अंगभर कपड्यांनिशी निवांत पाण्यात उतरता येईल असा कडेचा किनारा. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात तिनं काहीच लिहिलं नाही. राजेशनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. दिवस वाया गेला म्हणून गिऱ्हाईक बोंब मारेल, तो म्हणाला. बाबा असते तर तीन ठिकाणं घातली असती. ते खरंच होतं. नम्रतानं तरी जागा कोरी ठेवली.

निघायच्या दिवशी अश्फाकची गाडी ऑफिसापुढे थांबली. तिकिटं देताना नम्रताच्या हाताला चाचीच्या पिशवीत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी टणक लागलं. तिनं चाचीकडे पाहिलं. चाचीनं रस्त्याकडे पाहिलं.

“आसू दे गं. वेळंला हाताशी.”

विमानात नेऊ देत नाहीत, हे सांगता आलं असतं. नम्रतानं ते सांगितलं नाही. ती नुसता हात पुढे करून उभी राहिली. बऱ्याच वेळानं चाचीनं स्टोव्ह काढून तिच्या हातात दिला. तो हिरामणच्या टेबलावर, त्यांच्या फोटोखाली राहिला. राजेश येता-जाता त्याच्याकडे बघायचा.

पहिले दोन दिवस अश्फाकचे फोटो आले. तिसऱ्या दिवशी, त्या कोऱ्या दिवशी, सकाळपासून काहीच नाही. अकरा वाजले, बारा वाजले. नम्रतानं तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. राजेश घड्याळाकडे बघून खाकरला.

एकला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं हिरवं पाणी, मग त्यात दोन पाय, घोट्यापर्यंत बुडालेले. फोन वर उचलला गेला आणि माडाच्या सावलीत बसलेली जुलेखाचाची दिसली. मागे नाती वाळूत काहीतरी खणत होत्या. सून नसरीन आडवी होऊन झोपली होती. चाचीनं पदर सावरला. मग एखादी मोठी बातमी द्यावी तशी म्हणाली,

“नम्रता, एक वाजला. आन् आज जेवाया काय हाय, मला म्हाईत नाय.”

मागून कदीजाची हाक आली. चाची सावकाश उठली. फोन तसाच वाळूत राहिला आणि थोडा वेळ नुसतं आभाळ दिसत होतं.

नम्रतानं डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. स्टोव्ह जरा सरकवून तिनं फोटोपुढची जागा मोकळी केली.

“दादा, स्टेशनवरून वडे आण. सगळ्या गाळ्यांना पुरतील इतके.”

“सहल अजून परतली नाय गं,” राजेश म्हणाला. “बाबा परतल्यावर वाटायचे.”

“ही झाली,” नम्रता म्हणाली.

राजेशनं एकवार स्टोव्हकडे पाहिलं, पायांत चपला सरकवल्या आणि पिशवी शोधायला लागला. मोठी.