साठ हिरवी फुलं

कुवाबारा जपानातल्या निगाताच्या तांदूळ-बिस्किटांच्या कंपनीत विक्रीखात्यात होता. खोटं लिहिणं त्याच्या रक्तातच नव्हतं. म्हणून मिनोवा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या फोनमध्ये दारूची डायरी टाकून दिली, तेव्हा त्याची बायको चिझुको निर्धास्त झाली. यकृत पार कामातून चाललं होतं. दोन महिन्यांत पिणं कमी झालं नाही तर सरळ इस्पितळात भरती, असं बाईंनी बजावलं होतं.

तो रोज लिहायचा, एक पेला. डायरी हिरवं फूल दाखवून पाठ थोपटायची. साठ दिवसांत साठ फुलं जमली, आणि रक्त तपासलं तर आकडा आणखी वर!

"मला कशाला फसवता?" बाई कडाडल्या. "एका पेल्याने असं होतं?"

"शपथेवर सांगतो बाई, एकच. तो रिकामाच होत नाही, मग दुसरा कसा लिहू? कामानंतरच्या बैठकीत तो अर्ध्यावर आला की आमच्या खात्याचे हाताकेयामा साहेब भरतात."

बाईंनी कपाळावर हात मारला. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा आणि त्याचा तळ दिसू द्यायचा नाही, ही रीत त्यांनाही ठाऊक होतीच. पण अॅप बनवणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात ती आली नव्हती.

"मग नको म्हणा."

"साहेबांना? बाटली हातात धरून बसलेले असताना?" कुवाबाराचा चेहरा पडला.

"बरं, मग बाटली तुम्हीच धरा. ओतणाऱ्याला कोण पाजतंय? आणि यापुढे पेले नाही, ओतणं मोजायचं. एक महिना देते."

मात्रा लागू पडली. कुवाबारा जावयाला जिलबी वाढावी तसा आग्रह करू लागला. "घ्या साहेब, एवढीशीच!" साहेब खूश. "वा रे कुवाबारा, उतारवयात सुधारलास!" मोजायची मात्र त्याला इतकी सवय लागली, की स्वतःचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही आपोआप मनात मोजलं जाई.

महिन्याने आकडा उतरला. भरती टळली. चिझुको दवाखान्यातच रडली. कुवाबाराला इतका आनंद झाला, की बाईंना तो तीन वेळा वाकून नमस्कार करून बाहेर आला.

बाहेर बाकावर हाताकेयामा साहेब बसले होते. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हातात नवी डायरी उघडलेला फोन.

"बरा भेटलास," ते हसले. "बाई म्हणतात, परवाच्या बैठकीत किती झाली ते लिहा. मी कुठला मोजतोय? ओतत तर तू होतास. आठवतंय का रे?"

कुवाबाराला आकडा पाठ होता.

"चोवीस, साहेब," तो म्हणाला, आणि त्याला वर बघवेना.