का ते विचारू नये

दोघींचं आडनाव एकच, म्हणून ऑफिसात एक थोरली आणि एक धाकटी. थोरली ही धाकटीची नणंद. लसींच्या गोदामांतल्या शीतकपाटांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची, आणि त्यातला सगळ्यात जुना, सगळ्यात नाजूक भाग थोरलीच्या हातचा. बारा वर्षं तिने तो सांभाळला होता. धाकटी तिथे स्वतःच्या हिमतीवर लागली, पण पहिल्याच आठवड्यात थोरलीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हटलं, "भावाने घरात आणली होतीच, आता इथेही आली."

त्या दिवसापासून दोघींमधून विस्तव जाईना.

तोंडाने बोलणं बंद. भांडण चालायचं ते कॉमेंटमधून. कॉमेंट म्हणजे कोडच्या मध्ये माणसासाठी लिहिलेली ओळ. यंत्र ती वाचत नाही. पुढे जो कोणी ते काम हातात घेईल त्याने वाचायची. थोरलीच्या ओळी अशा: "इथे हात लावू नये." "ज्यांना हे कळत नाही त्यांनी दुसरा धंदा बघावा." धाकटीने त्याखाली लिहिलं, "दुसऱ्याला कळेल असं लिहायला आधी स्वतःला कळावं लागतं." दोन दिवसांनी खाली उत्तर आलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळा विभाग ती फाइल उघडून वाचायचा, गालातल्या गालात हसायचा आणि मध्ये मात्र कोणी पडायचं नाही.

"ताई तोंडाने फटकळ आहे," नवरा समजूत घालायचा. "तिच्या मनात काही नसतं."

"मनात नसतंच. सगळं फाइलमध्ये असतं," धाकटी म्हणायची.

मग विभागप्रमुखाने धाकटीकडे एक काम दिलं. कपाटाचं तापमान चढलं की गोदामातला भोंगा लवकर वाजला पाहिजे, उशीर का होतो ते बघा. धाकटीने शोधलं. उशीर मुद्दामच ठेवलेला होता. वर कॉमेंट: "सात मिनिटं थांब. का ते विचारू नये."

तरी ती उठली. थोरलीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. थोरलीने मान वळवली नाही.

"लिहिलंय ना तिथे?"

"लिहिलंय की विचारू नये."

"म्हणजे वाचता येतं. बरं झालं कळलं."

मागच्या रांगेत कोणीतरी खुसकन हसलं. धाकटीची कानशिलं तापली. ती जागेवर आली आणि तिने ती सात मिनिटं काढून टाकली. टेबलावरच्या तपासणीत सगळं बरोबर आलं. प्रमुखाने पाठ थोपटली, आणि आठवड्याभरात बदल चाळीस गोदामांत पोचला.

गोदामात मात्र टेबलावरच्यासारखं नसतं. माल चढवायला कपाटाचं दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत शिरते, काटा चढतो आणि दार लावल्यावर आपोआप उतरतो. आता काटा चढायचा अवकाश, भोंगा बोंबलायला लागे. दिवसातून तीस-तीस वेळा. एका गोदामाच्या राखणदाराने चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी भोंग्याची वायरच उपटली. नेमकं तिथल्याच कपाटाचं थंड करणारं यंत्र शनिवारी दुपारी बंद पडलं. सोमवारी दार उघडलं तेव्हा कपाटभर लसी फेकून देण्याच्या लायकीच्या झाल्या होत्या.

बुधवारी बैठक ठरली. सगळी बोटं धाकटीकडे वळलेली. मंगळवारी दिवसभर ती त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या उलटत बसली, आणि सहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीपाशी थबकली. तिथे त्याच जागी लिहिलं होतं: "दार उघडल्यावर काटा चढतो. गोदामात उभं राहून घड्याळ लावून पाहिलं, उतरायला जास्तीत जास्त साडेसहा मिनिटं लागतात. भोंगा उगाच वाजत राहिला तर माणसं भोंगाच बंद करतील, म्हणून सात." पानोपानी असंच. कुठे काय फसलं होतं, कुठला आकडा कुठून आला, नवख्याने कुठे जपावं. दोनशे बारा ओळी, आणि सगळ्या एकाच दिवशी पुसलेल्या. पुसणारी थोरली. कारणाच्या जागी एकच शब्द, "साफसफाई".

धाकटीला आधी आनंदच झाला. सापडली! मग ती त्या ओळी पुन्हा वाचत गेली. किती सबुरीने लिहिलं होतं बाईने, हात धरून शिकवावं तसं. तिच्याशी ही बाई अशी एकदाही बोलली नव्हती. तिने पानं छापून घेतली.

"बैठकीआधी ताईला एकदा विचार तरी," नवरा म्हणाला.

"विचारू नये असं लिहिलंय."

बैठकीत गोदामांकडून एक अधिकारी बाई आल्या होत्या. थोरली हाताची घडी घालून म्हणाली, "मी स्पष्ट लिहिलं होतं, हात लावू नये."

धाकटीने जुनी पानं पडद्यावर लावली. "कारणंही लिहिली होती. ती यांनीच पुसली."

प्रमुखाने वाचलं. "का पुसलंत तुम्ही?"

थोरली हसली. "तुम्ही विचारताय? पडद्याकडे न बघता पुढची ओळ म्हणून दाखवा की. तोंडपाठ असेल." ती अधिकारी बाईंकडे वळली. "हे साहेब याच ओळी वाचून तयार झाले. बढतीची वेळ आली तेव्हा यांनीच वर सांगितलं, बाईंनी सगळं लिहून ठेवलंय, आता त्यांच्यावाचून अडत नाही. खुर्ची यांना मिळाली. त्याच दुपारी मी पुसलं."

प्रमुख पाण्याच्या ग्लासाशी चाळा करत राहिला.

"तुमची भांडणं तुमच्यापाशी ठेवा," अधिकारी बाई म्हणाल्या. "आमच्या लसी गेल्या."

बाहेर जिन्यापाशी धाकटीने तिला गाठलं. "ताई, एका शब्दाने सांगितलं असतंत तर..."

"तर तूही साहेब झाली असतीस," थोरली म्हणाली आणि उतरून गेली.

थोरलीकडून ती फाइल काढून घेतली. महिन्याने तिने नोकरीच सोडली. धाकटीला लेखी ताकीद मिळाली, आणि फाइलही तिच्याच गळ्यात पडली. साहेबाच्या केसालाही धक्का लागला नाही.

धाकटीने सात मिनिटं परत बसवली. दोघींच्या भांडणाच्या ओळी, स्वतःच्या धरून, पुसल्या. दोनशे बारा ओळी होत्या तशा परत घातल्या आणि प्रत्येकीखाली थोरलीचं नाव लिहिलं. कोणीतरी ही बातमी पोचवली असणार, कारण रविवारी नवऱ्याचा फोन वाजला.

"तिला सांग, माझं नाव काढ तिथून."

धाकटीने फोन घेतला. "नाव राहील, ताई."

"तुझी दया नकोय मला."

"दया कसली? उद्या चूक निघाली तर ज्याची त्याच्या नावावर निघावी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

सासूबाई आता दोघींना वेगवेगळ्या रविवारी जेवायला बोलावतात. एकदा चुकून दोघी दारातच समोरासमोर आल्या. थोरलीने चपला काढल्या होत्या, त्या पुन्हा पायात घातल्या.